मागच्या गेटची पासष्ट मिनिटे

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या शरयू सोसायटीच्या पुढच्या गेटपाशी वॉचमनची एक पत्र्याची केबिन आहे. तिच्यात भिंतीला ठोकलेली एक लोखंडी पेटी आहे आणि त्या पेटीत मी राहतो. मी कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारा रेकॉर्डर आहे, आणि माझ्या जातीच्या मानाने आता म्हातारा झालो आहे. माझा पंखा घरघरतो. माझ्या झाकणावर सर्जेरावांचा जेवणाचा डबा असतो, कारण माझ्या अंगाची ऊब त्याला मिळते. सर्जेराव म्हणजे इथले दिवसपाळीचे वॉचमन.

मी माझी हकीकत सांगतो आहे ती मन मोकळे करण्यासाठी नाही. मला ती कुणीतरी ऐकायला हवी आहे, आणि पेटीला तोंड नसते.

मी २०१३ साली इथे आलो. माझ्याबरोबर माझ्याच कंपनीचे चार कॅमेरे आले. पुढचे गेट, दोन जिने आणि मुलांची खेळायची जागा असे ते बसवले गेले. अनिरुद्ध नावाच्या तरुणाने शिडीवर चढून वायरी ओढल्या आणि संध्याकाळी केबिनमधल्या पडद्यावर चार चौकोन उजळले. सगळी सोसायटी दाराशी गोळा झाली होती. पहिल्याच महिन्यात माझ्या चित्रावरून स्कूटरचे पेट्रोल काढणारा माणूस सापडला. त्या वर्षी दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली गेली. मी सुखात होतो.

पुढे कमिटी बदलत गेली. दर नव्या कमिटीला एखादी नवी जागा उघडी वाटे आणि तिथे कॅमेरा हवासा वाटे. पण प्रत्येकाचा दुकानदार वेगळा. एकांनी लिफ्टमधला कॅमेरा तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणला. दुसऱ्यांच्या जावयाने पार्किंगसाठी सिंगापूरहून आणला. मागच्या गेटचा कॅमेरा दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये आला. तो बसवताना अनिरुद्ध सेक्रेटरींना म्हणाला होता, "काका, हा वेगळ्या कंपनीचा आहे. चित्र दिसेल, पण बाकीचं सगळं जुळेल असं नाही."

सेक्रेटरी होते यज्ञेश्वर आगाशे, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आपल्याला चित्रच बघायचंय ना? लग्न जुळवायचं नाहीये."

मित्रांनो, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एका रेकॉर्डरला जोडता येतात, हे खरे आहे. सगळ्यांना कळेल अशी एक सामाईक बोली आम्हाला शिकवलेली असते. पण ती कामापुरती असते. 'चित्र पाठव' म्हटले की परका कॅमेरा चित्र पाठवतो. 'तुझे घड्याळ माझ्याशी लाव' म्हटले की गप्प राहतो. माझ्या घरच्या चार कॅमेऱ्यांना मी रोज पहाटे वेळ सांगतो आणि ते ती मानतात. उरलेले तिघे आपापल्या घड्याळाने चालतात, आणि चित्राच्या कोपऱ्यात स्वतःची वेळ स्वतःच छापून मला पाठवतात. छापून आलेले मला खोडता येत नाही.

मागच्या गेटच्या कॅमेऱ्याला आणखी एक खोड होती. त्याला वीज पंपघरातून दिलेली होती आणि पंपघराला इन्व्हर्टर नव्हता. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबे आणि आली की थांबल्या जागेपासून पुढे चालू लागे. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. म्हणजे दर गुरुवारी तो थोडा मागे पडायचा. अनिरुद्ध अधूनमधून येऊन हाताने त्याची वेळ लावून जाई. मग, सगळे दिसते आहे तर माणूस कशाला हवा, असे मीटिंगमध्ये ठरले आणि अनिरुद्धचे येणे बंद झाले. झेंडूची माळही बंद झाली. फडके तर माझ्या अंगावरून त्याआधीच फिरेनासे झाले होते.

आता सीताराम ओव्हाळांबद्दल सांगतो. ते ब इमारतीत पहिल्या मजल्यावर मुलीबरोबर राहत. खडकीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली होती. मुलगी कल्याणी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. सीतारामबाबांना दोन वर्षांपासून विसर पडू लागला होता. जेवलो की नाही हे विसरत. पत्नी वारली आहे हे विसरत आणि तिला हाका मारत. मुलीचे नाव मात्र कधी चुकले नाही. रोज दुपारी पावणेचारला ते मागच्या गेटने बाहेर पडत, सोसायटीला एक वळसा घालत आणि चार-दहाला पुढच्या गेटने आत येत. सर्जेरावांना हात करत. वर सरूबाई चहा ठेवून वाट पाहत असत. त्या स्वयंपाकाला येत, आणि बाबांचा चहा झाला की साडेचारला घरी जात. मागून बाहेर, पुढून आत. माझ्या पोटात हे रोज साठत असे. सगळ्या सोसायटीला ते पाठ होते.

२०१८ च्या डिसेंबरातला पहिला गुरुवार. अनिरुद्ध शेवटची वेळ लावून गेला त्यानंतर वीज जाण्याची ही पहिलीच खेप होती. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि सव्वाअकराला आली. मागच्या गेटचे घड्याळ पासष्ट मिनिटे मागे पडले. माझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हते.

कल्याणी त्या दिवशी जरा लवकर, साडेपाचला घरी आली. दार नुसते लोटलेले होते. कपबशी टेबलावर होती. बाबा नव्हते. तिने सरूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सव्वाचारला चहा घेतला त्यांनी माझ्यासमोर. मी निघाले तेव्हा खुर्चीत पेपर वाचत होते." कल्याणी केबिनकडे धावत आली. मागोमाग आगाशे आले.

आगाशेंना माझे एकच बटण येत असे, उलटे पळवण्याचे. त्यांनी पुढच्या गेटचे चित्र उलटे पळवले. चार-दहाला बाबा आत येताना दिसले. त्यानंतर पुढच्या गेटने ते बाहेर गेलेच नव्हते. हे अगदी खरे होते. मग त्यांनी मागच्या गेटचे चित्र उलटे पळवले. एक आकृती दिसताच थांबवले. बाबा बाहेर पडत होते. कोपऱ्यात छापलेले होते, तीन पंचेचाळीस.

"हे बघ," आगाशे म्हणाले. "रोजच्यासारखे पावणेचारला गेले, चार-दहाला आले. त्यानंतर कुठूनच बाहेर नाहीत. कल्याणी, बाबा आवारातच आहेत. घाबरू नकोस."

मित्रांनो, ते चित्र चार वाजून पन्नास मिनिटांचे होते. पावणेचारचे खरे चित्र त्याच्याही मागे होते आणि त्याच्यावर दोन चाळीस असे छापलेले होते. आगाशे तिथवर गेलेच नाहीत. शोधत होते ती वेळ समोर लिहिलेली दिसल्यावर कोण आणखी मागे जाईल? पडद्याच्या तळाशी मी माझी वेळ दाखवतो, पण ती पट्टी पाच सेकंदांत मावळते. तिच्यावर चार-पन्नास होते. आगाशे तेव्हा खिशातून मोबाइल काढत होते. त्यांनी पडद्यावरच्या चित्राचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत पुरावा असाच फिरतो. खाली लिहिले, 'ओव्हाळ आवारातच आहेत. सर्वांनी आपापले मजले, गच्ची, पार्किंग तपासावे.'

सर्जेराव दारात उभे होते. ते सासवडकडचे. फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, बाबा मागल्या गेटानं गेल्यात. दुसऱ्यांदा. टँकर लागला व्हता तवा मी तिथंच हुतो. हातात डब्याची पिशवी व्हती."

"टँकर कधी आला?"

"पावणेपाचच्या आत."

"आणि कॅमेरा काय म्हणतो? पावणेचार. तुम्ही सकाळी काय खाल्लंत तेही विसरता, सर्जेराव. एक माणूस विसरभोळा आहे तेवढं पुरे."

"मी बघितलंय, साहेब."

"कॅमेऱ्यानेही बघितलंय. आणि तो तंबाखू खात नाही."

कल्याणीने एकदा सर्जेरावांकडे पाहिले, एकदा पडद्याकडे. तिने पडद्यावर विश्वास ठेवला. मी तिला दोष देत नाही. दिवसभर ती पडद्यांसमोरच बसते. आणि माणसाच्या आठवणीचा भरवसा कसा नसतो, हे ती दोन वर्षे घरात पाहत होती.

मी आत तापत होतो. आम्हाला गजर देता येतो, पण तो डिस्क बिघडली तर, वायर तुटली तर. शेजाऱ्याची वेळ चुकली आहे यासाठी गजर नाही. मी सात चौकोन दाखवत राहिलो.

शोध सुरू झाला. गच्च्या झाल्या, लिफ्टचा खड्डा झाला, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली टॉर्च मारून झाले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण पुरते बसलेले नाही. टँकरने पाणी सोडल्यावर ते तसेच राहिले होते.

टाकी काठोकाठ भरलेली होती. आगाशेंनी पंप लावायला सांगितला. पाणी वर चढवून टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो. खेळायच्या जागेवरच्या कॅमेऱ्यातून मला टाकीचे तोंड दिसते. कल्याणी तिथे उकिडवी बसली होती. अंधार पडला तशी चित्रे काळीपांढरी झाली. ती काठावरून हलली नाही. सोसायटीतल्या दोघींनी तिला उठवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली असावी की मला बसू द्या, कारण त्या तिच्याशेजारी बसल्या. पाणी कमरेइतके उरले तेव्हा आगाशे स्वतः शिडीवरून आत उतरले. वय सदुसष्ट. गुडघ्यांना पट्टे. ते बारा मिनिटे आत होते. त्या बारा मिनिटांत कल्याणीने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले होते.

ते वर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. बायका रडू लागल्या, सुटकेनेच असेल. कल्याणी रडली नाही. ती उठली आणि सरळ केबिनमध्ये आली. सात वाजून एकतीस मिनिटे झाली होती.

"सर्जेराव, ते चित्र मला मोठं करून लावता येईल?"

"मला न्हाय येत, ताई. तुम्हीच बघा."

तिने माउस हातात घेतला. मोबाइलवरच्या व्हिडिओत चित्राचा तळ कापला गेला होता. माझ्या पडद्यावर तो पुरा होता. बाबा चालत येतात, गेटपाशी थांबतात, पाय जरा उंच उचलतात आणि मग बाहेर पडतात. तिने ते तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा तिला जमिनीवरचा जाड पाइप दिसला. बाबा तो ओलांडत होते.

"आज टँकर किती वेळा आला?"

"एकदाच. वहीत हाय."

त्यांनी वही पुढे केली. टँकर आत चार चाळीस, बाहेर पाच वाजून पाच. वाकडे अक्षर, पण आकडे स्पष्ट. कल्याणीने मागच्या गेटचे चालू चित्र मोठे केले. कोपऱ्यात सहा बत्तीस होते. तिच्या मोबाइलवर सात सदतीस.

ती इतकेच म्हणाली, "तुम्ही सांगत होतात."

सर्जेराव म्हणाले, "चला आधी."

पुढचे मी पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी सर्जेराव रात्रपाळीच्या वॉचमनला सांगत होते, त्यातून मला कळले. मागच्या गेटपासून दोनशे पावलांवर बसचा थांबा आहे. तिथे मालनबाई गजरे विकतात. कल्याणीने मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हे का? इथंच बसले होते की. सातपर्यंत. मी चहा पाजला. म्हणाले, सेकंड शिफ्ट आहे, खडकीची बस यायचीय. मला वाटलं खरंच कामावर चाललेत. आत्ता अर्ध्या तासापूर्वी चढले एका बसमध्ये."

पाच ते सात. आम्ही टाकी उपसत होतो तेव्हा बाबा दोनशे पावलांवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. हे ऐकले त्या दिवसापासून माझ्या पंख्याची घरघर वाढली आहे. नंतर एकदा येऊन गेलेला अनिरुद्ध म्हणाला, ती धूळ आहे.

बस खडकीची नव्हती. पोलिसांत तक्रार झाली. कल्याणीच्या ऑफिसातली मुले मोटारसायकलींवरून कात्रजपासून येरवड्यापर्यंत हिंडली. सर्जेराव पाळी संपली की त्यांच्याबरोबर जात. दोन रात्री गेल्या. डिसेंबरातल्या पुण्याच्या रात्री. कल्याणी मधूनमधून केबिनमध्ये येई आणि पडद्यासमोर बसे, जणू बाबा कुठल्यातरी चौकोनातून आत येतील. मी तिला रिकामे गेट दाखवत होतो. त्याहून दुसरे माझ्याकडे काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खडकीच्या जुन्या वसाहतीतल्या एका बंद घराच्या पायरीवर सापडले. तिथे ते वीस वर्षे राहिले होते. तिथवर कसे पोचले, कुणाला माहीत नाही. ताप होता. एका पायात चप्पल नव्हती. डबा उघडलेला नव्हता. आत काहीच नव्हते.

अकरा दिवसांनी त्यांना रुग्णालयातून चाकांच्या खुर्चीवर घरी आणले. पुढच्या गेटने, दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी. ही वेळ बरोबर आहे. छातीतला कफ गेला, पण त्या दोन रात्रींत जे गेले ते परत आले नाही. गेटपाशी कल्याणी वाकून म्हणाली, "बाबा, घर आलं." त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाले, "बाई, आपण कोण?" ती पुन्हा वाकली आणि तिने त्यांच्या पायावरचे पांघरूण नीट केले. चित्रात तिचा चेहरा दिसत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी आगाशे केबिनशी आले तेव्हा कल्याणी तिथेच होती. ते दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "पाच सेकंद खाली बघायला हवं होतं मी. बँकेत तारीख न बघता एक चेक कधी पास केला नाही."

कल्याणी म्हणाली, "काका, तुम्ही टाकीत उतरला होतात."

"नको तिथे उतरलो. त्याचं काय कौतुक." मग सर्जेरावांकडे न बघता ते पुढे म्हणाले, "आणि सर्जेराव, तुमची तंबाखू मी काढायला नको होती."

"जाऊ द्या, साहेब."

"जाऊ कसं देणार? मीटिंगच्या इतिवृत्तात लिहिलंय मी. वाचा."

सगळे कॅमेरे एका कंपनीचे करायचे, असा ठराव त्या मीटिंगमध्ये झाला. तो अजून ठरावच आहे. मधल्या काळात कुणीतरी घाईने मागच्या गेटला आणखी एक कॅमेरा लावला. तोही वेगळ्या कंपनीचा. त्याचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे आहे. एकाच गेटच्या दोन वेळा मी शेजारीशेजारी दाखवतो आणि लोक त्यांच्याकडे पाहत निघून जातात.

सर्जेराव मात्र आता दर गुरुवारी वीज आली की एक काम करतात. कल्याणीने त्यांना ते दाखवले आहे. ते आठही कॅमेऱ्यांसमोर एकेक करून जातात आणि मोबाइलवरचे घड्याळ हात उंच करून काचेसमोर धरतात. पाच सेकंद धरतात, मग वहीत लिहितात: अमुक कॅमेरा, इतकी मिनिटे मागे, इतकी पुढे. येणारेजाणारे हसतात. एक मुलगा म्हणाला, "काका, कॅमेऱ्याला मुहूर्त दाखवताय का?" त्यांनी हात खाली केला नाही.

मित्रांनो, तुमच्या सोसायटीतही माझ्यासारखा कुणीतरी पेटीत असेल. आमच्यावरची धूळ पुसा. आम्हाला एकमेकांची भाषा पुरती कळते का, हे कॅमेरा विकणाऱ्याला विचारा. आमची घड्याळे जुळवा, नाही जुळली तर किती चुकतात ते लिहून ठेवा. हे सांगताना मला स्वतःचा भरवसा वाटत नाही, म्हणूनच सांगतो आहे. उद्या कुणी हरवले तर मी पुन्हा तितक्याच स्वच्छपणे चुकीची वेळ दाखवीन आणि माझा एकही दिवा लाल होणार नाही. ओव्हाळबाबांच्या वेळी खरे काय ते सांगणारा माणूस दारातच उभा होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हा आमच्याकडे या, पण नंतर या. आधी त्या जागी जो उभा होता त्याला विचारा, आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्या.